रोलरवाला सेकंडरी क्लच: टॉप स्पीड विसरा, गिअर परत कसा येतो ते बघा

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. जुन्या टू-स्ट्रोक स्नोमोबाइलला (बर्फावर चालणारी मोटरगाडी) बटणवाला सेकंडरी क्लच, म्हणजे बेल्टची मागची पुली, काढून रोलरवाला बसवणं हा खर्च पटण्यासारखा आहे. पण टॉप स्पीडसाठी घेत असाल तर पैसे खिशातच ठेवा. माझ्या मशीनचा टॉप स्पीड एका मैलानेही वाढलेला नाही. बदललं ते वळणावर. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की मशीन जी दोन क्षण विचार करत बसायची, ती आता बसत नाही. बाकी सगळं या एका वाक्याचं स्पष्टीकरण आहे.

मी मूळची मिरजेची. सध्या मुक्काम हॅनकॉकला, म्हणजे मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, कीविनॉ द्वीपकल्पावर. दिवसभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या, संध्याकाळी हे उद्योग. लेक सुपीरियरवरून येणारा वारा इथे इतका बर्फ आणून टाकतो की १९७८-७९ च्या हिवाळ्यात कीविनॉ काउंटीत ३९०.४ इंचांची नोंद झाली. साडेबत्तीस फूट. यूएस-४१ रस्त्यावर त्याची मोजपट्टी उभी केलेली आहे आणि भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतोच. अशा ठिकाणी स्नोमोबाइल, इथल्या भाषेत 'स्लेड', म्हणजे चैन आहे हे खरं, पण शेजारीपाजारी ती सगळ्यांकडे असते. हॉटन आणि हॅनकॉकला जोडणाऱ्या लिफ्ट ब्रिजचा मधला भाग हिवाळ्यात अशा उंचीवर ठेवतात की वरून गाड्या जातात आणि खालच्या मजल्यावरून स्लेड. पहिल्यांदा तिथून गेले तेव्हा मिरजेला व्हिडिओ पाठवला होता. घरच्यांना पुलापेक्षा माझ्या हेल्मेटचं जास्त कौतुक वाटलं.

माझी स्लेड २००२ सालची, ६०० सीसी, टू-स्ट्रोक, सेकंडहँड. तिच्या वयाला शोभेल इतपत कुरकुर ती पहिल्यापासून करायची, पण गेल्या हंगामात एक तक्रार ठळक झाली. सरळ ट्रेलवर ठीक. वळण आलं, वेग कमी केला, बाहेर पडताना अंगठ्याने ॲक्सिलरेटर दाबला, की इंजिन गुदमरल्यासारखं घुमायचं. टॅकोमीटर, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणारा काटा, ७,००० च्या आसपास लटकायचा आणि मग एकदम झटका देऊन ८,००० कडे उडी. बेल्टचा वास. झाकण उघडलं की आत काळी भुकटी.

इथे ज्यांनी फक्त गिअरची गाडी चालवली आहे त्यांच्यासाठी थोडं थांबते. ज्यांनी ॲक्टिव्हा उघडलेली पाहिली आहे त्यांचं अर्धं काम झालेलं आहे, कारण यंत्रणा तीच: दोन पुल्या आणि मध्ये एक रुंद बेल्ट. पुढची पुली इंजिनच्या क्रँकवर, ती प्रायमरी. मागची जॅकशाफ्ट नावाच्या दांड्यावर, ती सेकंडरी, आणि तिच्यापुढे साखळीचा डबा म्हणजे चेनकेस, मग ट्रॅक, म्हणजे बर्फावर फिरणारा रुंद पट्टा. प्रत्येक पुलीचे दोन भाग, एक पक्का आणि एक सरकता. प्रायमरी मिटत गेली की बेल्ट तिच्यात वर चढतो, त्याच वेळी सेकंडरीत खाली ओढला जातो, आणि गिअर 'उंच' होतो. लहान गिअरला साधारण साडेतीन-पावणेचारास एक, पूर्ण वेगात जवळजवळ एकास एक. मध्ये पायऱ्या नाहीत. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये हीच कल्पना चारचाकीत घातली, आपल्याकडे १९८४ च्या कायनेटिक होंडाने ती घरोघरी नेली.

माझे मामा मिरजेत गिअरलेस स्कूटरचंच गॅरेज चालवायचे. शाळेच्या सुट्टीत रोलर धुवायचं काम माझ्याकडे असायचं. त्यामुळे स्लेड बिघडली की पहिला फोन कुठे जातो हे सांगायला नको.

"मामा, मागची पुली अडकल्यासारखी करतेय."

"आधी पुढचे रोलर बघ. चपटे झाले असतील."

"ह्याच्यात पुढे रोलर नाहीत. वजनाचे हात आहेत, फिरले की बाहेर उघडतात."

"बरं. मग मागचे क्लच शू?"

"शू पण नाहीत मामा."

"अगं, शू नाहीत तर गाडी उभी कशी राहते?"

"पुढची पुलीच उघडी असते. बेल्ट सैल पडून राहतो. साडेतीन-चार हजार आरपीएम झाल्यावर ती मिटते आणि बेल्ट पकडते."

बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हणजे मागच्या पुलीला एकच काम. तेही नीट करेना होय?"

मामांनी नेमकं बोट ठेवलं. स्कूटरच्या मागच्या पुलीवर सेंट्रिफ्युगल क्लचचंही ओझं असतं. स्लेडच्या सेकंडरीला फक्त ट्रॅकवरचा भार ओळखायचा असतो. ते ती कशी ओळखते हे समजलं की हा सगळा खर्च कशासाठी तेही समजतं.

सेकंडरीच्या आत हेलिक्स नावाचा एक तिरक्या उतारांचा ॲल्युमिनियमचा तुकडा असतो. तो शाफ्टबरोबर फिरतो. सरकत्या भागावर बटणं असतात, ती या उतारांवर टेकलेली. खोल बर्फ आला किंवा चढ लागला की ट्रॅक जड होतो, शाफ्ट मागे राहू पाहतो, पण बेल्ट तर पुली ओढतच असतो. मग सरकता भाग हेलिक्सच्या उतारावर पिळला जातो आणि आटे असलेलं झाकण बरणीवर फिरवताना जसं घट्ट होत जातं तसा पक्क्या भागाकडे दाबला जातो. बेल्ट चिमटला जातो, बाहेरच्या कडेकडे चढतो, गिअर आपोआप लहान होतो. याला बॅकशिफ्ट म्हणतात. सोबतीला एक पीळ दिलेली स्प्रिंग असते, ती भार नसतानाही पुली मिटलेली ठेवते. पुढची पुली आरपीएमवर चालते, मागची भारावर चालते, आणि दोघींच्या रस्सीखेचीत इंजिन त्याच्या पूर्ण ताकदीच्या आरपीएमवर टिकून राहावं, एवढाच 'क्लचिंग' या गूढ विद्येचा अर्थ.

आता बटणं प्लास्टिकसारख्या मटेरियलची. भार जितका जास्त तितकी ती उतारावर जास्त जोराने दाबली जातात, आणि घसरायची तर त्याच वेळी असतात. घर्षण नको तिथेच नेमकं घर्षण. नवी असताना चालून जातं. वीस वर्षांनी बटणांना सपाट चट्टे पडतात, हेलिक्सवर खाचा पडतात, बुश (सरकत्या भागाला शाफ्टवर आधार देणाऱ्या आतल्या कड्या) ढिले होतात, स्प्रिंग दमलेली असते. मग सरकता भाग अडत अडत जातो. टॅकोमीटरवरचा तो झटका म्हणजे अडकलेलं बटण सुटल्याचा झटका. रोलरवाल्यात बटणांच्या जागी रोलर असतात, ते उतारावर घासत नाहीत, फिरत जातात.

विकत घेण्याआधी मी जुना क्लच काढून तपासला आणि तुम्हीही तेच करा, कारण बऱ्याच जणांना नव्या क्लचची गरजच नसते. सरकता भाग हातात धरून डुलवला तर माझ्याकडे तो स्पष्ट हलत होता. बटणांचा संच आणि स्प्रिंग मिळून ५० डॉलरच्या आत येतात. पुलीचे चेहरे गुळगुळीत असतील, हेलिक्सवर खाच नसेल आणि बुश घट्ट असतील, तर एवढंच बदला आणि उरलेल्या पैशांत नवा बेल्ट घ्या. माझ्यात तिन्ही गोष्टी गेलेल्या होत्या. बुश दाबून बसवायला मशीन शॉप लागतं आणि पुलीच्या चेहऱ्यावर बोटाला जाणवेल इतकी पायरी पडली होती. तिथे दुरुस्तीचं गणित संपलं.

क्लच ऑनलाइन मागवला. किंमत ४५० डॉलरच्या आसपास. कंपनीचं नाव लिहून उपयोग नाही, कारण तुमच्या मशीनच्या शाफ्टला, बेल्टला आणि सालाला दुसराच पार्ट नंबर लागणार. पण जाहिरातीत बारीक अक्षरात असतं ते मोठ्याने सांगते: हेलिक्स आणि स्प्रिंग बहुतेकदा वेगळे घ्यावे लागतात. म्हणजे आणखी शंभरेक डॉलर. शिवाय तुमची स्लेड इंजिन उलटं फिरवून रिव्हर्स जाणारी असेल तर उलट बाजूलाही नीट उतार असलेला हेलिक्सच लागतो. ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या.

खोक्यात आलेला माल बघून समाधान वाटलं. पुलीचे चेहरे एकसारखे, कडा साफ, रोलर बोटाने फिरवले तर अडखळ नाही. सूचनांचा कागद मात्र एक पान, त्यातही अर्ध्या पानावर वॉरंटी कशी मिळणार नाही ते लिहिलेलं. पहिल्यांदाच क्लच हातात घेणारा माणूस या कागदावर काहीही बसवू शकणार नाही. मशीनचं सर्व्हिस मॅन्युअल हवंच.

हेलिक्सचा कोन मी जुना होता तोच ठेवला. दुकानदार मंडळी इथे चटकन सल्ला देतात की जरा जास्त अंशांचा घ्या, मजा येईल. जास्त कोन म्हणजे पुली लवकर उघडणार, गिअर लवकर उंच होणार, आणि चिमटा कमी बसणार. सरळ गोठलेल्या तळ्यावर शर्यत लावणाऱ्याला ते ठीक. झाडांमधल्या वळणावळणाच्या ट्रेलला उलट हवं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे लॅबमध्ये शिकलेलं इथेही लागू. कोनही बदलला असता तर फरक रोलरने पडला की कोनाने, हे कसं कळणार?

बसवायला शेजारचे आजोबा आले. फिनिश वंशाचे, निवृत्त, पूर्वी ट्रेल सपाट करणारा ग्रूमर चालवायचे. त्यांच्या सॉनाच्या शेजारी गॅरेज आहे, त्यामुळे बाहेर उणे १५ सेल्सिअस असताना आत पाना हाताला चिकटत नाही. ही सोय कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

सेकंडरी काढणं प्रायमरीपेक्षा कितीतरी सोपं. प्रायमरी क्रँकच्या निमुळत्या टोकावर आवळून बसलेली असते, तिला खास पुलर लागतो. सेकंडरी एका बोल्टवर. बोल्ट काढला, वॉशर आणि शिम (अंतर भरणाऱ्या पातळ चकत्या) ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडले. हा क्रम हरवला तर अलाइनमेंटचा आधार जातो. मग क्लच ओढायला गेलो तर हलेना. जॅकशाफ्टवर गंज. गंज सोडवणारं तेल मारून आजोबा आत कॉफी करायला गेले. त्यांच्या मते या कामात हातोडीपेक्षा कॉफी जास्त उपयोगी. खरंच परत आल्यावर थोडं फिरवत, थोडं ओढत तो निघाला. शाफ्ट आणि त्यावरची चौकोनी की बारीक पॉलिश पेपरने साफ केली, अँटी-सीझचा (भाग एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लावायचा लेप) अगदी पातळ हात दिला. पातळ यासाठी की जास्तीचं सगळं फिरून बेल्टवर उडतं. पुलीच्या चेहऱ्यांना तेलकट बोटसुद्धा लागता कामा नये, ब्रेक क्लीनरने पुसूनच बेल्ट चढवायचा.

कुणी जुना बटणवाला उघडून दुरुस्त करणार असेल तर एक इशारा. सर्क्लिप (हेलिक्सला धरून ठेवणारी कडी) काढताना आतली स्प्रिंग दाबलेली असते आणि पिळलेलीही. हेलिक्स वर उडतो आणि वळतो. चष्मा घाला, तोंड वरून बाजूला ठेवा.

आता या कामातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग: अलाइनमेंट. दोन्ही पुल्या एका रेषेत नसतील तर ४५० डॉलरचा क्लचसुद्धा बेल्ट खाणार. त्यासाठी मशीनप्रमाणे बनवलेली अलाइनमेंटची पट्टी मिळते. ती सेकंडरीत बेल्टच्या जागी बसवायची आणि प्रायमरीला कशी टेकते ते बघायचं. आजोबांकडे होती. आमच्याकडे एक शिम काढावा लागला. दुकानात हे काम करून घेणार असाल तर तोंडावर विचारा, पट्टी लावून बघितली का? एका ठिकाणी मी विचारलं तर उत्तर मिळालं, "नव्याला लागत नाही." मी स्लेड घेऊन परत आले.

बेल्टचा ताण मात्र रोलरवाल्यात सोपा झाला. जुन्यात क्लच उघडून आतले वॉशर कमीजास्त करावे लागायचे. नव्यात बाहेरूनच एक स्क्रू आणि चेकनट. माझ्या मॅन्युअलप्रमाणे दोन पुल्यांच्या मध्ये बेल्ट दाबला तर साधारण सव्वा इंच झोळ हवा. जास्त घट्ट असेल तर इंजिन नुसतं चालू असतानाही स्लेड पुढे रांगते, सैल असेल तर निघताना धक्का. पंधरा मिनिटांत जमलं. फक्त या एका सोयीसाठीही मी अर्धा स्टार वाढवून दिला असता.

पहिले पन्नासेक मैल नव्या बेल्टसाठी सबुरीने घ्यायचे, घेतले. मग बिल निकल्स ट्रेल. ही जुनी रेल्वेलाइन, त्यामुळे लांबच लांब सरळ पट्टे आहेत. निघण्याआधी दोन्ही पुल्यांवर मध्यापासून कडेपर्यंत मार्करने काळी रेघ ओढली. बेल्ट जिथपर्यंत फिरतो तिथपर्यंत रेघ पुसली जाते, उरलेली रेघ म्हणजे न वापरलेला गिअर. पूर्ण ॲक्सिलरेटरवर लांब पट्टा मारून, इंजिन बंद करून बघितलं. प्रायमरीवर बाहेरच्या कडेला थोडी रेघ शिल्लक. जुन्या क्लचने उरायची तेवढीच. म्हणून म्हटलं, वेग तोच राहिला. तो इंजिनच्या ताकदीवर आणि चेनकेसच्या दातांवर ठरतो, सेकंडरी नवा आणून त्यात भर पडत नाही.

फरक दिसला तो रेल्वेलाइन सोडून जंगलात शिरल्यावर. लागोपाठ वळणं, मध्ये खड्डे, दर काही सेकंदांनी अंगठा सुटतो आणि दाबला जातो. आधी जिथे टॅकोमीटर ७,००० वर लटकायचा तिथे आता काटा थेट ८,००० च्या जवळ जाऊन उभा राहतो, आणि स्लेड वळणाबाहेर पडताना नाक उचलते. खोल बर्फात चढताना तर जास्तच. पूर्वी मध्यावर दम तुटायचा आणि मग ट्रॅक खड्डा खणत बसायचा. आता भार वाढला तसा गिअर लहान होतो आणि ट्रॅक फिरता राहतो. अडकलेली स्लेड कमरेएवढ्या बर्फातून उपसणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांना याची किंमत डॉलरमध्ये सांगावी लागत नाही.

दुसरा पुरावा तापमानाचा. थांबल्यावर इंजिन बंद करून मी इन्फ्रारेड थर्मामीटर दोन्ही पुल्यांवर रोखते, जो एरवी तव्यासाठी वापरते. जी पुली जास्त तापते तिथे बेल्ट घसरतोय असं समजायचं. जुन्या क्लचबरोबर सेकंडरी नेहमी पुढे असायची. आता दोघी जवळपास सारख्या. आणि झाकणाखालची भुकटी अगदी नावापुरती. बेल्टची किंमत शंभराच्या पुढे असते हे लक्षात घेतलं तर या क्लचचे थोडे पैसे तिकडूनही वसूल होतात.

तक्रारी आहेतच. ॲक्सिलरेटर सोडून उतारावर येताना रोलर हेलिक्सवरून सुटून परत आपटतात, त्याची टकटक ऐकू येते. आधी मला वाटलं काही सैल राहिलं, पण आजोबा म्हणाले की या जातीचे सगळेच बोलतात. हेल्मेट घातल्यावर ऐकू येत नाही, पण मशीन शांत असावी असं वाटणाऱ्यांना खुपेल. रोलर आहेत म्हणजे देखभाल नाही हा समजही चुकीचा. बुश यातही झिजणारच, आणि हंगाम संपला की काढून, फुंकून, पुसून ठेवायचंच आहे. ग्रीस मात्र नाही. मामांनीही फोनवर पहिला दम तोच दिला होता.

आणि किंमत. क्लच, हेलिक्स, स्प्रिंग, बेल्ट मिळून माझे सातशेच्या घरात गेले. वीस वर्षांच्या स्लेडच्या बाजारभावाशी ही रक्कम ताडून बघितली तर नवरा काय म्हणाला असेल ते मिरजेचे वाचक ओळखतील. स्लेड दोन-तीन वर्षांत विकायची असेल तर करू नका, विकताना कुणी क्लचचे वेगळे पैसे देत नाही. तुमच्या मशीनला कंपनीचाच रोलर क्लच असेल, आणि गेल्या काही वर्षांतल्या अनेक मशीनना तो असतोच, तर हे वाचून फक्त तुमचे रोलर आणि बुश तपासा. फक्त तळ्यावर बर्फातल्या मासेमारीला जाण्यापुरती स्लेड वापरणाऱ्यांनाही गरज नाही, तिकडे वळणंच नसतात. ट्रेलवर आणि झाडीत फिरणाऱ्यांनी, बुश गेले असतील तर, बिनधास्त घ्यावा. पाचापैकी चार. एक गुण त्या एकपानी कागदासाठी आणि वेगळ्या विकलेल्या हेलिक्ससाठी कापला.

ट्रेलवर दुपारी खायचं काय, हे मागच्या वेळी कुणी विचारलं होतं. सायलेन्सरवर बसणारा पत्र्याचा डबा मिळतो, इथले लोक त्यात पास्टी (मांस-बटाटा भरलेली, करंजीसारखी पाई) गरम करतात. मी फॉइलमध्ये गुंडाळलेली थालीपिठं ठेवते. तासाभराने खरपूस होतात, बेल्टचा वास आता लागत नाही.

जुना क्लच आजोबांनी वीस डॉलरला नेला. त्यांचं म्हणणं, पुलीवरची पायरी लेथवर थोडी उतरवली आणि बुश-बटणं नवी घातली तर अंगणातून लाकडं ओढणाऱ्या त्यांच्या तिसऱ्या स्लेडला तो पुष्कळ झाला. बुश दाबून बसवायचे तेवढे त्यांनी वसंतावर ढकलले आहेत.